जर्मनीत हुरडा होत नाही

दाजी,

स्टेशन रोडला तुमचा फ्लेक्स लागलाय. तुम्हाला तो आवडला नसता. फोटो तुमचाच आहे, बदामी जाकीट घातलेला, पण मंडळातल्या पोरांनी तुमच्या हातातला माईक पुसून टाकलाय. श्रद्धांजलीला माईक बरा दिसत नाही म्हणे. त्यामुळे तुम्ही नुसतीच मूठ तोंडापुढं धरून हसताय. खोकला आलाय आणि त्या खोकल्याचंच हसू आलंय, असं काहीतरी. वर मोठ्या अक्षरांत 'आपले लाडके सुधाकर मास्तर', खाली शोकाकुल म्हणून निम्म्या सेलूची नावं, आणि मधोमध अवतरणचिन्हांत एक वाक्य :

'नापास झालेल्याला घरची वाट दुप्पट लांब होते. कुणीतरी अर्ध्या वाटेवर त्याला भेटायला जावं.'

त्या वाक्याखाली माझं नाव आहे. प्रा. विनायक वगैरे.

मी फ्लेक्सखाली उभा होतो तर रसवंतीवाला हात पुसत बाहेर आला. म्हणाला, "सर, वाक्य तुमचंच घेतलंय बरं का. मास्तरला लय आवडायचं." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

ते वाक्य माझं नाही, दाजी. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता एकट्या मलाच माहीत आहे, आणि एकट्यानं बाळगायला ते फार जड झालंय, म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, मेहुणे आणि एवढं लांबलचक? मेहुण्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे उन्हाळ्यात बोअर मारणं, खर्च लय आणि पाणी कमी, असं तुम्ही माझ्या लग्नात माईकवरून सांगितलं होतं. वऱ्हाडी पोट धरून हसले होते. ते वाक्यसुद्धा तुम्ही कुठल्याशा मोठ्या भूगर्भतज्ज्ञाच्या नावावर घातलं होतं.

तुम्ही पेशानं शाळामास्तर होतात हे लोक विसरूनच गेले होते. लग्न असो, बक्षीस समारंभ असो, जिनिंगच्या मॅनेजरचा निरोप असो, माईक तुमच्याच हातात. सेलूत लोक आधी तुमची तारीख घ्यायचे आणि मग भटजींची. आणि तुम्ही माईक घेतला की दर पाच-दहा मिनिटांनी एक थोर माणूस स्टेजवर यायचा. त्याचेही तुमचे ठरलेले नियम होते. लग्नात देशभक्त. बक्षीस समारंभात शास्त्रज्ञ. निरोप समारंभाला परदेशी तत्त्वज्ञ. आणि कीर्तनाच्या आधी दोन शब्द बोलायची वेळ आली तर क्रिकेटपटू, कारण संतांच्या पुढं संत चालत नाही.

त्या थोरांची नावं मी इथं घेत नाही. तुमच्यापायी त्यांनी आधीच बरंच सोसलंय. एका बिचाऱ्या शास्त्रज्ञाला तर तुम्ही सूनमुख बघण्यावर बोलायला लावलं होतं.

मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. मला ते खटकायचं. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडी तुम्ही घातलेलं ते वाक्य आठवतंय? 'पेरणारा बघतो आभाळाकडं, पण चालतो तासातूनच.' कृषी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. केवढी टाळी पडली होती! परत येताना मी तुमच्या स्कूटरवर मागं बसून कुरकुर करत होतो.

"दाजी, तो माणूस चंद्रावर गेला होता. पेरणीला नाही."

"मग? वरून शेतातली तासं दिसली असतील की."

"तो असं कधी म्हटलेलाच नाही."

"तुम्ही होतात का तिथं?"

"तुम्ही होतात?"

"तेच म्हणायलोय. दोघंबी नव्हतो. मग भांडण कशाचं?"

घरी आल्यावर मी पुन्हा तेच काढलं. वाक्य चांगलं आहे तर नुसतं वाक्य सांगा, नाव कशाला चिकटवता? तुम्ही जाकीट काढून खुंटीला लावलंत, आणि कोकराला समजवावं तसं मला समजावलंत.

"मेहुणे, 'सेलूचे सुधाकर मास्तर म्हणतात' असं म्हणलं की लोकं चपला हुडकायला लागतेत. भिंतीवर ज्याचा फोटो हाय त्याचं नाव घेतलं की टाळी पडते. वाक्य म्हणजे लग्नाची पोरगी. घराणं सांगितल्याबिगर कोण पसंत करतंय?"

आतून ताईचा आवाज आला, "आमी घराणं बघूनच आलो होतो. काय हाती लागलं?"

असं आपलं वर्षानुवर्षं चाललं होतं. भांडण गोड होतं. ते मी नासवलं.

आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन. नेहमीच्या सूत्रसंचालकाचा घसा बसला, आणि प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं की विनायक सरांचे दाजी मोठे निवेदक आहेत. मी नको म्हणालो नाही. नको म्हणायलाही बोलावं लागतं. तुम्ही सकाळच्या गाडीनं परभणीला आलात, इस्त्रीचं जाकीट घालून, खिशात दोन पेनं लावून. पाहुणे पुण्याचे होते, मोठे विद्वान. तुम्ही त्यांची ओळख करून दिलीत, ती छान झाली. मग तुम्हाला चेव आला.

"नातं हे हुरड्यासारखं असतं," तुम्ही म्हणालात, आणि हातावर हात चोळून दाखवलात. "गरम आहे तोवर चोळलं तर दाणा सुटतो. गार झाल्यावर चोळलं तर नुसते तळहात सोलतात. हे आम्ही नाही म्हणत. एक थोर जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी मात्र भुवई उचलून माझ्याकडं बघितलं. माझ्या शेजारचे दोन प्राध्यापक रुमालात तोंड घालून हसत होते. त्या भुवईनं माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. शेवटी आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. कागदावर लिहून आणलं होतं, तेवढं वाचून खाली बसायचं. मी ते वाचलं. मग कागदाची घडी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माईकवर आपणहून बोललो.

"आमच्या सूत्रसंचालकांनी आज जी वाक्यं सांगितली ती त्या त्या थोरांची नाहीत, याची विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. जर्मनीत हुरडा होत नाही."

सभागृह फुटलं. पाहुणे मांडीवर हात मारून हसले. आणि दाजी, सगळ्यात जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्यात. मी बघितलं. हसून वाजवल्यात, पण टाळ्या थांबल्यावर जाकिटाची वरची गुंडी तुम्ही उगाच काढत-लावत होतात.

तुम्हाला सोडायला स्टेशनवर आलो. फलाटावर तुम्ही म्हणालात, "मेहुणे, वाक्य झकास होतं. पहिल्याच फटक्यात टाळी. आम्हाला तिथवर यायला जिंदगी गेली." गाडीत बसलात. खिडकी माझ्या बाजूची होती, पण तुम्ही पलीकडं बघत होतात.

त्यानंतर तुम्ही माईक खाली ठेवलात. मला ते ताईच्या फोनवरून कळलं. "काय बोललास रे तू यांना? जाकीट धुऊन ट्रंकेत घातलंय. तारखा घ्यायला लोक यायलेत तर हे म्हणतेत घसा बरा न्हाई. घसा कसला, आं? मी भाकरी थापायले अन् हे शेजारी पाटावर बसून निवेदन करायलेत. 'आता परातीत येत आहे दुसरा गोळा.' बेजार करून सोडलंय. घेऊन जा तुझ्याकडं."

मी माफी मागायला सेलूला आलो. खरंच त्यासाठीच आलो होतो. चहा प्यालो, कापसाच्या भावावर बोललो, तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो. तुम्ही दारापर्यंत आलात. मी चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त करून जरा थांबलो, पण शब्द काही वर आला नाही. बोअर कोरडी गेली.

मग पोखर्णीचं ते लग्न आलं. आपल्याच नात्यातलं. नृसिंहाचं दर्शन घेऊन आम्ही मांडवात आलो तर माईकवर तुम्ही! जाकीट ट्रंकेतून निघालेलं, डांबरगोळ्यांचा वास पहिल्या रांगेपर्यंत. मला इतका आनंद झाला की मी नमस्कारही न करता सरळ पंगतीत जाऊन बसलो. पहिल्या जिलबीला हात घातला आणि तुमचा आवाज आला :

"उंबऱ्याला ठेच लागली म्हणून कुणी घर बदलत नाही. पाय उचलायला शिकतो. हे आम्ही नाही म्हणत. आमचे मेहुणे, परभणीचे थोर विचारवंत, प्राध्यापक विनायक सर म्हणतात!"

जिलबी घशात अडकली. शेजारच्यानं पाठीत गुद्दे घातले. मांडवभर माना वळल्या, टाळी पडली, आणि नवरीच्या काकांनी येऊन माझ्या पानात आग्रहानं आणखी दोन जिलब्या टाकल्या. विचारवंताला कमी नको.

जेवणं झाल्यावर मी तुम्हाला मांडवामागं गाठलं.

"दाजी, मी असं कधी म्हटलं?"

"म्हणला नसाल."

"मग?"

"मग खोडा की. थोर लोकं कुठं येतेत खोडायला? तुम्ही तर इथंच हाव, हातभर लांब. माईक चालू हाय. जा, सांगा, नोंद घ्यावी म्हणून."

तुमच्या डोळ्यांत खोडी होती, पण खोडीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते बघून मी माईककडं गेलो नाही. एकदा खोडलं होतं, तेच पुरेसं होतं. मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे, भोगून टाकू. तुम्हाला वाटलं असेल, मेहुण्यानं माफी मागितली.

पुढं मी बघता बघता थोर झालो. चंद्रावर गेलेला माणूस, जर्मन तत्त्वज्ञ, सगळे सुट्टीवर गेले आणि त्यांची सगळी कामं माझ्या गळ्यात पडली. सेलूच्या एका केशकर्तनालयात आरशावर माझं वाक्य आलं. शाळांच्या फळ्यांवर सुविचार म्हणून मी यायला लागलो. मोबाईलवर सकाळी सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रावर माझीच वाणी मला येऊन पडायची, खाली दोन जोडलेले हात. माझी बायको ती वाचायची आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघायची. "घरात दिवसभर 'हं' च्या पुढं तुमची गाडी जात नाही. हे कधी बोललात? आणि कुणाशी?"

खरं सांगतो दाजी, सुरुवातीला लाज वाटली. नंतर सवय झाली. आणि नंतर, हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही, मला ते आवडायला लागलं. एका निरोप समारंभात तुम्ही 'खुर्ची सुटली की माणूस उभा राहतो' हे माझं म्हणून सांगितलंत, तेव्हा मी बसल्या जागी मान किंचित लववून टाळी स्वीकारली. सरावलेल्या माणसासारखी.

आता मूळ गोष्टीवर येतो.

एक दिवस कॉलेजात एक गृहस्थ आले. जिंतूर रस्त्यावरच्या कुठल्याशा खेड्यातले, डोक्याला पांढरा रुमाल. स्टाफरूमच्या दारातच त्यांनी माझे पाय धरले. त्यांची मुलगी त्या उन्हाळ्यात बारावीला नापास झाली होती. परभणीला मैत्रिणीकडं निकाल बघायला गेली होती, आणि फोन उचलत नव्हती. घरात सगळे चिडून बसलेले, येऊ दे तिला, बघतो म्हणून. "अन् सायेब, मला मास्तरनं लग्नात सांगितलेलं तुमचं वाक्य आठवलं. नापास झाल्याला वाट दुप्पट होते. म्हनलं आपुन जावं आर्ध्यात. मी मोटारसायकल काढली. ती फाट्यावर बसली होती, सायेब. एस्ट्या यायल्या अन् जायल्या, अन् पोरगी एकीतबी चढंना. तिनं काय ठरवलं होतं ते मी इचारलं न्हाई अजून. इचारनारबी न्हाई."

त्यांनी मला हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंढी दिली. मी घेतली. चहा मागवला. सगळे प्राध्यापक माझ्याकडं बघत होते. रुमालात तोंड घालून हसणारे ते दोघंही त्यांत होते. आणि मी म्हणालो, "मुलीला पुन्हा बसवा. होईल पास." एवढंच. वाक्य माझं नाही, हे मी म्हणालो नाही.

ते गेल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो. कारण ते बोलत असतानाच मला कळलं होतं, ते वाक्य कुणाचं आहे. तोवर मी तुमची वाक्यं इंटरनेटवर हुडकत असायचो, इंग्रजीत घालून, हिंदीत घालून. तुम्ही ती कुठून उचलता ते पकडायचं म्हणून. एकही कधी सापडलं नाही. मला वाटायचं, हुडकण्यात मीच कमी पडतोय. त्या दिवशी फाट्यावर बसलेल्या मुलीचं ऐकताना मला आमच्या गावाचा ओढ्यावरचा पूल दिसला.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. मी नापास झालो होतो. परभणीहून गाडीनं सेलू, सेलूहून पायी गाव. पुलापर्यंत आलो आणि पाय पुढं जाईनात. घरी वडील होते, आणि वडिलांचा राग सगळ्या गावाला ठाऊक होता. माझ्या आधीच्या गाडीनं आलेल्या एकानं बातमी पोचवलेली असणार, हेही ठाऊक होतं. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, तुम्ही तिला भेटायला आलेले. मी पुलाच्या कठड्यावर बसून होतो, ऊन कलेपर्यंत. मग गावाकडून सायकल आली.

"मेहुणे, काय मासे मोजायलाव?"

"नापास झालो, दाजी."

"हो, आलं कळून. उठा. येताना उतार होता, आता चढ हाय. मला डबलशीट ओढवायचं न्हाई, सायकल तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

मी सायकल चालवली. तुम्ही मागं बसून आपल्या शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करत होतात, आणि मी रडत रडत हसत होतो, की उलटं होतं, मला आता सांगता येत नाही. दारात वडील उभे होते. तुम्ही त्यांना तोंड उघडू दिलं नाहीत. "मामा, मी आणलंय त्याला. आधी जेवू द्या. जावयाचा मान म्हणून एवढं ऐका." वडिलांनी ऐकलं.

त्या दिवसाबद्दल तुम्ही नंतर कधी एक अक्षर बोलला नाहीत. ताईलाही तुम्ही सांगितलं होतं की विनायक रस्त्यात भेटला. मी पास झालो, नोकरीला लागलो, प्राध्यापक झालो. मी कधी नापास झालो होतो हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत नाही, माझ्या बायकोलाही नाही. आणि तुम्ही त्याच दिवसाचं एक वाक्य केलंत आणि ते आधी कुठल्याशा शास्त्रज्ञाच्या नावावर घातलंत. मला वाटायचं तुम्ही टाळीसाठी नाव लावता. असेलही. पण ह्या एका वाक्याला तुम्ही एवढं मोठं नाव लावलंत, ते त्याच्याआड मी दिसू नये म्हणून, असं मला आता वाटतं. शेवटी शेवटी ते माझ्याच नावावर आलं, म्हणजे पुलावरून उठून माझ्या घरीच आलं.

म्हणजे ती सगळीच तुमची होती, दाजी. तासाचं, उंबऱ्याचं, खुर्चीचं. हुरड्याचंसुद्धा. भर सभेत मी जे खोडलं ते जर्मनीचं नव्हतंच, सेलूचं होतं. आणि उत्तम होतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, एवढं एकच वाक्य माझं स्वतःचं म्हणून.

संधी तुम्ही दिली होतीत. गेल्या हिवाळ्यात ओसरीवर ऊन खात बसलो होतो. तुम्ही शेंगा फोडत होतात. एकदम म्हणालात, "मेहुणे, ते नापासचं वाक्य लय चालतंय बघा. तुम्ही हुडकत असताव ना? लागलं का हाती, मूळ कुणाचं हाय ते?"

तुम्ही माझ्याकडं बघत नव्हतात, शेंगेकडं बघत होतात. मी म्हणालो, "असेल कुणाचं तरी."

"असंल," तुम्ही म्हणालात, आणि फोडलेली शेंग माझ्या हातावर ठेवलीत.

शोकसभेचं सांगतो. तुम्ही हसाल. तुमच्या शोकसभेला सूत्रसंचालकच मिळेना. जो तो म्हणे, मास्तरांच्या सभेत माईक धरायचा म्हणजे छातीच पाहिजे. शेवटी पतसंस्थेच्या सचिवांनी धरला, आणि पहिल्याच वाक्याला 'आजच्या या आनंदाच्या प्रसंगी' म्हणून गेले. सवय. सभेत पहिल्यांदा कोण हसलं सांगू? ताई. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग सगळेच हसले आणि सभा सुरळीत लागली.

मला बोलायचंच होतं. उठलो. म्हणालो, "बाहेरच्या फ्लेक्सवर जे वाक्य माझ्या नावानं आहे ते माझं नाही. ते सुधाकर मास्तरांचं आहे. माझ्या नावावर असलेली सगळीच वाक्यं त्यांची आहेत."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, किती मोठं मन!" आणि टाळ्या, दाजी! शोकसभेत टाळ्या! सचिवांनी माईक घेतला आणि गदगदून सांगितलं, थोर माणसाचं हेच लक्षण, आपलं श्रेयसुद्धा तो दुसऱ्याला देऊन टाकतो, असं विनायक सर नेहमी म्हणतात. माझ्या नावावर आणखी एक जमा झालं. त्यांचा काही दोष नाही. मी अर्धंच सांगितलं होतं. वाक्य तुमचं कसं, हे सांगायचं तर पूल सांगावा लागत होता, आणि तिथं माझी जीभ नेहमीसारखी चिकटली.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "त्यांचं हाय म्हणतोस, अन् का त्यांचं हाय ते सांगत न्हाईस. असं कोण ऐकंल?" तिला किती माहीत आहे कोण जाणे. मी विचारलं नाही.

काल पेडगावच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. तारीख तुमची घेतलेली होती. हेडमास्तरांचा फोन आला, सर, आता तुम्हीच या. मी हो म्हणालो, आणि हो म्हणाल्यावर बराच वेळ फोनकडं बघत बसलो.

मंडप भरला होता. समोर पोरं, मागं आयाबाया, कडेला उभे बापे. बक्षिसं वाटून झाली. ज्यांना मिळाली नव्हती ती पोरं सतरंजीचे दोरे उपटत बसली होती. मी माईक धरला.

"नापास झालेल्याला घरची वाट दुप्पट लांब होते," मी म्हणालो. "कुणीतरी अर्ध्या वाटेवर त्याला भेटायला जावं. हे मी नाही म्हणत. सेलूचे सुधाकर मास्तर म्हणतात."

टाळी पडली नाही. एकसुद्धा. भांडणात तुमचंच खरं होतं, कबूल. दोन बापे खरोखरच उठून चपलांकडं गेले. मी खाली बसणार, तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठली. शेजारणीनं तिचा पदर ओढला, तो तिनं झटकला.

"कोन मास्तर म्हनलाव, सायेब?"

"सुधाकर मास्तर. सेलूचे. माझे दाजी."

"मोठं मानूस व्हतं का?"

"नाही आजी. शाळेत मास्तर होते."

"मंग त्याईला काय ठावं, नापास झाल्याची वाट कशी असती ते?"

हेडमास्तर पुढं झाले, आजी बसा बसा म्हणून. मी त्यांना हातानं थांबवलं. समोरच्या पोरांनी दोरे उपटायचं सोडून माझ्याकडं बघितलं.

"कारण त्या वाटेवर मी बसलो होतो, आजी," मी माईकवर म्हणालो. "मी नापास झालो होतो."

मंडपात चुळबूळ झाली. प्राध्यापक माणूस, आणि नापास! चपलांपाशी गेलेला एक बाप्या एका पायात चप्पल घालून तसाच वळून उभा राहिला. म्हातारी मात्र आरामात खाली बसली, मांडी घातली, पदर नीट केला, गोष्ट ऐकायला बसतात तशी.

"बरं. मंग? फुडं काय झालं?"

आणि दाजी, मी सांगत गेलो.